जामीन माणसाला, खुर्चीला नव्हे

१८९४ साली बडोदे संस्थानातील जमाबंदी खात्याचे अधिकारी वासुदेव सदाशिव बापट यांच्यावर लाचखोरीचे आरोप होऊन चौकशी आयोग बसला. त्यांच्या बचावासाठी लोकमान्य टिळकांनी परिश्रम घेतले. संस्थानी दप्तरांत चाकरी करून ज्यांची घराणी या मुलखांत रुजली, त्यांना असे प्रकरण परके वाटू नये. जमिनीचा सारा ठरविणारा अधिकारी प्रामाणिक असला, तर बड्यांचे वैर ओढवून घेतो; अप्रामाणिक असला, तर रयतेला नागवतो. आरोप मात्र दोघांवरही सारखाच येऊ शकतो, आणि पहिल्या दिवशी त्यांतला भेद ओळखता येत नाही.

अटकपूर्व जामिनाची तरतूद याच अडचणीतून जन्मली. वजनदार मंडळी आपल्या प्रतिस्पर्ध्यांना खोट्या खटल्यांत गोवतात, हे ध्यानी घेऊन विधी आयोगाने १९६९ मध्ये ती सुचविली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ४३८ म्हणून आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ मध्ये आहे. पंजाबात मंत्री राहिलेले गुरबक्षसिंग सिब्बिया यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचे मत पडले, की सत्तेच्या वरच्या पायऱ्यांवरील ढळढळीत भ्रष्टाचारात असा जामीन देऊ नये. १९८० मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने हे बंधन मानले नाही. आरोप ढळढळीत आहे की नाही, हे तपासाआधी ठरवावे कसे? याउलट मार्च २०२५ मध्ये, पंजाबातीलच एका लेखापरीक्षण निरीक्षकाचा अर्ज फेटाळताना, सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवकाला हा जामीन अपवादात्मक परिस्थितीतच, म्हणजे तो खोटेपणाने गोवला गेल्याचे दिसत असेल तेव्हाच, द्यावा असे म्हटले.

आपला कौल सहसा दुसऱ्या बाजूला पडतो. लाचखोराच्या हाती बेड्या पाहून बरे वाटते. या समाधानाचे मूळ मात्र तपासले पाहिजे. खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो, साक्षीदार फिरतात, आरोपी निवृत्त होतो. म्हणून अटक हीच शिक्षा असे आपण मनोमन ठरवून टाकलेले असते. न्यायाच्या विलंबाचा सूड असा एका माणसाच्या स्वातंत्र्यावर उगवणे न्याय्य नव्हे.

तरीही सामान्यांच्या रोषात एक सत्य आहे. केंद्रीय सेवानियमांनुसार ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो. अटक टळली की हे आपोआप होणारे निलंबनही टळते. मग निलंबन वरिष्ठांच्या मर्जीवर उरते. ज्या शेतकऱ्याने तक्रार केली, त्याला सातबाऱ्यासाठी पुन्हा त्याच टेबलापुढे उभे राहावे लागते. फाइल, हाताखालची माणसे, सही, सारे आरोपीच्याच ताब्यात. खरा अन्याय येथे घडतो. आणि तो जामिनाने नव्हे, खुर्चीने घडतो.

माणसाचे स्वातंत्र्य त्याचे स्वतःचे असते. ते आरोपमात्रे हिरावून घेऊ नये. अधिकारपद मात्र लोकांची ठेव असते, आणि ठेवीविषयी संशय आला तर ती काही काळ दुसऱ्याकडे सोपविण्यात अपमान नाही. म्हणून अटकपूर्व जामीन मिळालेल्या अधिकाऱ्याने निकालापर्यंत, निदान तपास पुरा होईपर्यंत, त्या पदापासून दूर राहावे, हा नियम असावा. मर्जीचा प्रश्न नसावा. निर्दोष माणसाला यात काही महिन्यांची झीज सोसावी लागेल, हे खरे. परंतु ज्याने लोकांच्या विश्वासावर अधिकार भोगला, त्याने त्या विश्वासासाठी एवढी झीज सोसावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. कोठडीपेक्षा ती निश्चितच सौम्य आहे, आणि तक्रारदाराच्या भयापेक्षाही.