दुसऱ्या पृथ्वीवरचा मी

मंडळीतील तरुणांच्या सभेत एका मुलाने आम्हांला एक प्रश्न विचारला. त्याने नुकताच स्पायडरमॅनचा एक चित्रपट पाहिला होता. त्याचे म्हणणे असे : आपल्या जगासारखी असंख्य जगे असतील, आणि इथे मी जे पाप केले ते दुसऱ्या एखाद्या जगातल्या 'मी'ने केलेच नसेल, तर इथे मी बरा वागलो काय नि वाईट वागलो काय, एकूण हिशेब सारखाच नाही का? काहीजण हसले. आम्हांला हसू आले नाही. कारण त्याच आठवड्यात आम्ही एका भगिनीच्या सांत्वनाला गेलो होतो. तिचा मुलगा तापाने गेला होता आणि ती पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होती : "त्या रात्रीच दवाखान्यात नेले असते तर?" मुलाचा प्रश्न आणि आईचा हुंदका, दोन्ही एकाच मुळाचे आहेत असे आम्हांला वाटते.

या कल्पनेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत 1940 साली 'फ्लॅश' नावाच्या वेगवान वीराच्या चित्रकथा सुरू झाल्या. पुढे त्या बंद पडल्या, आणि 1956 साली त्याच नावाचा पण निराळा वीर आणण्यात आला. मग जुन्याचे काय झाले? लेखक गार्डनर फॉक्स व चित्रकार कारमाइन इन्फँटिनो यांनी 1961 साली 'फ्लॅश'च्या 123 व्या अंकात या अडचणीतून वाट काढली. एकाच जागेत दोन पृथ्व्या आहेत, त्यांच्या कंपनांची गती तेवढी वेगळी, म्हणून एकीला दुसरी दिसत नाही, असे त्यांनी दाखवले आणि दोन्ही वीरांची गाठ घालून दिली. वाचकांना ते आवडले. पृथ्व्या वाढत गेल्या. इतक्या की प्रकाशकांनाच त्यांचा घोळ आवरेना, आणि 1985-86 मध्ये मार्व वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांच्या बारा अंकी कथेत सगळ्या मिळून एकच पृथ्वी करावी लागली. पण माणसाची हौस अशी संपते थोडीच! काही वर्षांनी त्या पुन्हा अनेक झाल्या. 2018 पासून तर चित्रपटांतून असे अनेक स्पायडरमॅन एकमेकांना भेटू लागले. 2023 च्या चित्रपटात मुंबई व मॅनहॅटन मिळून बनलेल्या 'मुंबाटन' नगरीचा पवित्र प्रभाकर हा वीरही आहे. 2004 साली निघालेल्या एका चित्रकथामालेतून तो आला.

अशा कल्पनांनी विश्वासणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. देवाला एकापेक्षा अधिक जगे निर्माण करता येणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांचे मत पॅरिसच्या बिशपांनी 1277 सालीच निषिद्ध ठरवले होते. देवाचे हात कोणी बांधू नयेत, एवढाच त्यातला मुद्दा. 1957 साली ह्यू एव्हरेट या शास्त्रज्ञाने अणूंच्या सूक्ष्म जगाचा अर्थ लावताना असेच काहीसे मांडले, पण ते अद्याप सिद्ध झालेले नाही. तेव्हा दुसरी जगे आहेत की नाहीत हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. ती आहेत असे घटकाभर धरले, तर आपल्या वागण्याचे काय, एवढेच पाहू.

प्रथम त्या मुलाचा प्रश्न. यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. याजक त्याला पाहून बाजूने निघून गेला. समजा, दुसऱ्या एखाद्या पृथ्वीवर तोच याजक थांबला, त्याने तेल ओतले, जखमा बांधल्या. त्यामुळे या वाटेवरच्या माणसाचे रक्त थांबले काय? चांगुलपणाचा हिशेब सगळी जगे मिळून करायचा नसतो. जो समोर पडला आहे, त्याच्यापाशी करायचा असतो. आपला शेजारी एकाच जगात राहतो, आणि ते हे जग आहे. दुसऱ्या 'मी'चे पुण्य माझ्या दारातल्या भुकेल्याचे पोट भरत नाही.

त्या भगिनीचा प्रश्न याहून कठीण आहे. 2023 सालच्या 'फ्लॅश' चित्रपटातील तरुणाची आई त्याच्या लहानपणी मारली गेली. ती टोमॅटोचा डबा आणायला विसरली, वडील तो आणायला बाहेर गेले आणि तेवढ्यात घात झाला. मुलगा भूतकाळात जाऊन तो डबा तिच्या टोपलीत ठेवतो. आई वाचते, पण सारे जग विस्कटते. शेवटी त्याला तो डबा आपल्याच हाताने परत काढावा लागतो. 2022 च्या 'डॉक्टर स्ट्रेंज' चित्रपटात मुले गमावलेली वांडा दुसऱ्या जगातील आपल्यासारख्याच बाईची मुले मिळवण्यासाठी निष्पाप मुलीचा जीव घ्यायला निघते. अखेर ती मुलांपाशी पोहोचते, तेव्हा मुले तिलाच भिऊन मागे सरतात. ती मुले अगदी तिच्या मुलांसारखी होती, पण तिची नव्हती. ईयोबाची मेंढरे सात हजारांची चौदा हजार झाली, उंट तीन हजारांचे सहा हजार झाले. मुले मात्र पूर्वीइतकीच, दहा, झाली. मेंढरू भरून देता येते, लेकरू देता येत नाही. नव्या दहांनी आधीच्या दहांची जागा घेतली, असे पवित्र शास्त्र कोठेही म्हणत नाही.

मग 'तसे झाले असते तर' हा विचार पापमय आहे काय? नाही. प्रभूनेही तो बोलून दाखवला. तुमच्यात घडलेली महत्कृत्ये सोर व सीदोन येथे घडली असती, तर ती नगरे केव्हाच पश्चात्ताप पावली असती, असे त्याने खोराजिन व बेथसैदा यांना बजावले. दावीदाने कईलाविषयी देवाला विचारले, तेव्हा लोक तुला शत्रूच्या हाती देतील असे उत्तर मिळाले. तो निघून गेला आणि ते घडलेच नाही. म्हणजे न घडलेल्या गोष्टीही देवाला ठाऊक आहेत. परंतु दोन्ही ठिकाणी त्या ज्ञानाचा उपयोग पुढच्या पावलासाठी झाला. दावीद वेळीच निघाला, आणि समोर उभे असलेल्यांना पश्चात्तापाची हाक मिळाली.

येथे कोणी म्हणेल, मग जे होते ते मुकाट्याने सोसावे, हाच तुमचा उपदेश ना? तसे नव्हे. 2023 च्या स्पायडरमॅन चित्रपटात माइल्सला सांगतात की जगाची घडी टिकायची तर तुझ्या बापाचा मृत्यू झालाच पाहिजे. तो ऐकत नाही, आणि आमच्या मते त्याचे बरोबर आहे, कारण त्याचा बाप अजून जिवंत आहे. पुढे येणाऱ्या अनर्थाशी शेवटपर्यंत झुंजावे. होऊन गेलेला मात्र देवाच्या हाती सोपवावा. या दोहोंची गल्लत झाली की माणूस दैववादी तरी होतो, नाहीतर वेडापिसा तरी.

पेत्राने तीनदा नाकारले. न नाकारणारा दुसरा पेत्र प्रभूने कोठूनही आणला नाही. समुद्रकिनारी त्याने याच पेत्राला तीनदा प्रीतीविषयी विचारले आणि याच्याच हाती मेंढरे सोपवली. क्षमेची थोरवी आम्हांला येथे दिसते. ती झालेली गोष्ट पुसत नाही, पण ती करणाऱ्याला टाकूनही देत नाही.

त्या भगिनीला आम्ही काय सांगितले? "नेले असते तरी वाचला नसता," असे आम्ही म्हटले नाही. ते आम्हांला कोठून ठाऊक? "देवाची इच्छा," असे म्हणून तिचे तोंडही बंद केले नाही. एवढेच म्हटले की, बाई, त्या रात्री तुम्हांला जेवढे कळत होते तेवढ्यावरून तुम्ही ठरवले. सकाळी कळलेले रात्री कोणालाच कळत नसते. दुःख करा, पण दुःखाला अपराध समजून त्याची क्षमा मागत बसू नका. ती बराच वेळ गप्प होती. मग धाकट्या मुलीची शाळेतून यायची वेळ झाली म्हणून उठली आणि तिने चुलीवर दूध ठेवले.

शंभरांतले एक मेंढरू हरवले, तेव्हा मेंढपाळ उरलेल्या नव्व्याण्णवांवर समाधान मानून बसला नाही. त्या एकालाच शोधत गेला. जगे कितीही असोत, आपण त्याच्या लेखी असे एकेक आहोत. प्रिय वाचकहो, दुसऱ्या पृथ्वीवरच्या आपल्याला त्याच्या देवावर सोपवू या. आज या पृथ्वीवर आपल्या दाराशी कोण उभे आहे, तेवढे उठून पाहू या.