दुरुस्त गाडीचे ‘तेच’पण
‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की आस, चाके, जू यांपैकी रथ नेमका कोणता; आणि ‘रथ’ ही प्रज्ञप्ती, म्हणजे भागांच्या जुळणीला व्यवहाराने दिलेले नाव, असा निर्णय निघतो. अपघातात चेपलेली गाडी दुरुस्त करणाऱ्या डेंटरपुढे हाच प्रश्न रोज उभा असतो, कारण बोनेट, मडगार्ड, दरवाजा बदलले तरी चॅसिस क्रमांक, आणि म्हणून कागदोपत्री गाडी, तीच राहते. पत्रा मात्र इतक्या सहज पूर्ववत होत नाही: चेपताना तो ताणला गेलेला असतो, म्हणून आतून डॉली, म्हणजे पोलादी ठोकळा, धरून बाहेरून हातोडीचे हलके ठोके द्यावे लागतात आणि डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळहाताने चाचपून शोधावा लागतो. नाव केवळ व्यवहाराचे असले, तरी त्यावर विसंबून गाडीत बसणाऱ्याचे दुःख बौद्ध विचार कधीच नाकारत नाही. त्यामुळे येथे सम्यक आजीव, म्हणजे योग्य उपजीविका, हाच खरा आणि अधिक गंभीर प्रश्न ठरतो, कारण पत्रा न उठवता खड्ड्यात पुट्टीचा जाड थर भरला, तरी रंग चढल्यावर दोन्ही कामे सारखीच चकचकीत दिसतात, आणि तो थर तडकेपर्यंत फरक फक्त कारागिरालाच ठाऊक असतो.