नाव सगळ्यांचं, दार कोणाचं?

जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या गटाचा सातबारा ऑनलाइन पाहायचा तर आधी छत्रपती संभाजीनगर विभाग निवडायचा, मग जालना जिल्हा, मग जाफराबाद, मग गाव, मग गट नंबर. पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकली की उतारा उघडतो. या साऱ्याच्या आधी डोळ्यांना न दिसता आणखी एक शोध पार पडलेला असतो. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं आणि यंत्र तो पत्ता शेवटाकडून वाचत येतं. 'इन' कुठे आहे हे इंटरनेटचे मूळ सर्व्हर सांगतात, 'गव्ह' कुठे आहे हे भारताची नोंदवही सांगते, आणि असं करत भूमी अभिलेख खात्यापर्यंत पोचता येतं. वरच्या या नोंदी ज्याच्या हातात आहेत त्याने त्या पुसल्या, तर सातबारा जागेवर असूनही सापडणार नाही. बदलल्या, तर त्याच पत्त्यावर भलताच कागद उघडेल. देशांच्या 'इन'सारख्या डोमेनवरून जगभर जी भांडणं झाली ती याच नोंदींच्या ताब्यासाठी. तांत्रिक किंवा कायद्याची बाब म्हणून ती बाजूला टाकली जातात. मला ती मुळात नीतीची वाटतात. ज्या नावाने असंख्य माणसं हाक मारतात, त्या नावाची मालकी कोणाकडे असू शकते का? माझं उत्तर आहे, नाही, राज्याकडेही नाही. असं नाव सांभाळायला दिलेलं असतं, आणि ज्यांचं त्यावाचून अडतं त्यांना हिशेब मागता येतो तोवरच सांभाळणाऱ्याचा अधिकार खरा.

हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. जाफराबाद तालुका ओलांडला की बुलढाणा जिल्हा लागतो, आणि तिथल्या देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्याचं जन्मगाव मानलं जातं. विठ्ठलाचं नाव घ्यायला चोखोबाला कोणाची परवानगी लागली नाही. वारकऱ्यांनी नामाची थोरवी गायली तीच मुळी तिथे जातीचा आणि अधिकाराचा अडसर नाही म्हणून. पंढरपूरच्या मंदिराचं दार मात्र बंद होतं. बडव्यांच्या माराची फिर्याद चोखोबाच्या अभंगात आहे, आणि त्याची समाधी मंदिराच्या आत नाही, महाद्वारासमोर आहे. ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. दार उघडलं तरी ताबा सुटला नाही. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा झाला १९७३ मध्ये. कोर्टकज्जे चालत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर पडदा टाकला जानेवारी २०१४ मध्ये. चाळीस वर्षं घोंगडं भिजत पडलं. बडव्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही मान्य करायला हवं. पिढ्यान्‌पिढ्या पूजा त्यांनीच चालवली होती. पण सेवेतून मान मिळतो, मानातून उत्पन्न, आणि उत्पन्नाची वहिवाट एकदा पडली की सेवा हे तिचं निमित्त उरतं. भाविक तोच, नाव तेच. मधे उभा असलेला माणूस मात्र स्वतःला यजमान समजू लागतो.

देवाची आणि डोमेनची तुलना कोणाला खटकेल. ती पावित्र्याची नाही, ताब्याची आहे, आणि ताब्याचा हा विचार आपल्याकडच्या कायद्यात फार खोलवर झालेला आहे. कोलकात्याच्या मल्लिक कुटुंबात कुलदैवताची मूर्ती कोणी कुठे न्यावी यावरून वाद लागला आणि तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२५ च्या निकालाने सांगितलं की मूर्ती ही कोणीही उचलून न्यावी अशी चीजवस्तू नाही. तिचं स्वतंत्र हित आहे आणि ते मांडायला वादात स्वतःचा स्वार्थ नसलेला प्रतिनिधी हवा. घरातल्या स्त्रियांनाही, त्या पूजा करतात म्हणून, वादात स्थान द्यावं असं त्या निकालात होतं. हे सारं श्रद्धा बाजूला ठेवूनही खरं राहतं. ज्या वस्तूचं मोल तिच्याकडे येणाऱ्यांमुळे आहे, ती ताब्यात ठेवणाऱ्याची मालमत्ता कशी होईल?

गंमत अशी की इंटरनेटच्या मुळाशी हाच विचार लिहून ठेवलेला आहे, आणि तो लिहिणाऱ्याला मंदिरांच्या खटल्यांशी काही देणंघेणं नव्हतं. जॉन पोस्टेल हे कॅलिफोर्नियातले संगणकतज्ज्ञ बरीच वर्षं नावांची मूळ यादी जवळजवळ एकहाती सांभाळत. मार्च १९९४ मध्ये 'आरएफसी १५९१' या टिपणात त्यांनी नियम मांडले: देशाचं डोमेन ज्याच्याकडे आहे तो त्या देशाचा आणि साऱ्या इंटरनेट-समुदायाचा विश्वस्त आहे, हक्क आणि मालकीची भाषा इथे गैरलागू आहे, जबाबदारी आणि सेवा यांची भाषा योग्य आहे. भारताचं 'इन' १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि पुढे मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून सांभाळलं गेलं. नियम इतके आवळलेले होते की २००४ पर्यंत जेमतेम सात हजार नावं दिली गेली. २००५ मध्ये ते काम 'निक्सी' या संस्थेकडे आलं आणि दार सर्वांना खुलं झालं. जुन्या सांभाळणाऱ्यांनी ते सचोटीने केलं. तरीही सचोटी आणि खुलेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या सात हजारांवरून दिसतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सार्वभौमत्वाचा. देशाचं नाव देशाचं, म्हणून त्याच्या सरकारचं. विश्वस्त वगैरे भाषा ही दुबळ्या देशांचा हक्क डावलण्याची युक्ती, असं म्हणता येईल. इराकचं उदाहरण या आक्षेपाला बळ देतं. त्या देशाचं डोमेन अमेरिकेत टेक्सासमधल्या एका कंपनीकडे होतं; तिचे चालक २००२ मध्ये अटकेत गेले, डोमेन निकामी पडून राहिलं आणि २००५ मध्ये कुठे ते इराकच्या स्वतःच्या आयोगाकडे आलं. देशाबाहेरचा रखवालदार बुडाला आणि त्याच्याबरोबर देशाचं नाव बुडालं. अशा ठिकाणी सरकारचा दावा न्याय्यच होता. पण तो न्याय्य होता तो मालक म्हणून नव्हे, अधिक चांगला विश्वस्त म्हणून. मालकी मान्य केली तर काय ओढवतं हे दुसऱ्या एका खटल्यात दिसलं. दहशतवादी हल्ल्यांत होरपळलेल्या कुटुंबांना अमेरिकी न्यायालयांनी इराण, सीरिया आणि उत्तर कोरिया यांच्याविरुद्ध भरपाई मंजूर केली होती. वसुलीसाठी त्यांनी २०१४ मध्ये या देशांची डोमेनच जप्त करून मागितली. मागणी तर्काला धरून होती: ऋणकोची मालमत्ता धनकोला मिळावी. खालच्या न्यायालयाने डोमेन जप्त होण्याजोगी मालमत्ता नाही असं ठरवलं. ऑगस्ट २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने त्याहून मोलाची भूमिका घेतली: घटकाभर मालमत्ता आहे असं धरलं तरी जप्ती देता येणार नाही, कारण त्या नावांवर विसंबलेल्या तिऱ्हाइतांचं, ज्यांचा या कर्जाशी संबंध नाही अशांचं, त्यात नुकसान होईल. त्या दिवशी इराणच्या सामान्य नेटकऱ्याला वाचवलं ते त्याच्या सरकारच्या मालकीने नाही. मालकी तर त्याला बुडवायला निघाली होती.

उलट बाजूचा धोका दक्षिण आफ्रिकेत दिसला. २००२ मध्ये संसदेने डोमेनचा कारभार सरकारने स्थापन केलेल्या यंत्रणेकडे नेणारा कायदा केला, आणि वर्षानुवर्षं ते सांभाळणारे माइक लॉरी यांनी सरकारचा हात पोचू नये म्हणून मूळ नोंदवही देशाबाहेर हलवली. त्यांचा हेतू शुद्ध होता यावर माझा विश्वास आहे. तरीही त्या वादात मला संसदेची बाजू अधिक पटते. वर्णभेदाचं राज्य जाऊन लोकांनी निवडलेलं सरकार येऊन आठच वर्षं झाली होती. ते चुकलं तर मतदार त्याला घरी पाठवू शकत होते. लॉरींना कोण पाठवणार होतं? निःस्वार्थ माणसाच्या हातातला ताबासुद्धा, त्याला बदलण्याची वाट नसेल, तर बडवेगिरीच्या उंबरठ्यावर उभा असतो.

इथेच विश्वस्त या कल्पनेवरचा सर्वांत कडक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच घरातला आहे. गांधीजींनी धनिकांना विश्वस्त व्हायला सांगितलं, त्यावर डॉ. आंबेडकरांनी बोचरी टीका केली. ज्याच्या हातात सत्ता आणि पैसा आहे तो आपखुशीने दुसऱ्याच्या हितासाठी त्याचा वापर करील, यावर त्यांचा भरवसा नव्हता. पंढरपूरचा इतिहास आंबेडकरांच्या बाजूने साक्ष देतो: बडव्यांना पाझर फुटला नाही, कायदा करावा लागला. पोस्टेल यांच्या टिपणालाही हाच दोष लागू आहे. विश्वस्त म्हणवणाऱ्या जागतिक व्यवस्थेवर १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत एका देशाच्या, अमेरिकेच्या, वाणिज्य खात्याची देखरेख होती. मी हा आक्षेप पुरता स्वीकारतो. त्यातून विश्वस्ताची कल्पना टाकून द्यावी असं निघत नाही. तिच्या पाठीशी हिशेब आणि हकालपट्टी यांचा कायदा हवा, एवढंच निघतं.

आता हा कायदा जाफराबादच्या माणसाला कुठवर पुरतो ते पाहू. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामातून मराठवाड्यात सापडलेल्या कुणबी नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४: मोडी आणि उर्दूतली, कडा झिजलेली पानं. पणजोबाच्या नावापुढचं एखादं अक्षर पणतूच्या जातप्रमाणपत्राचा आधार ठरतं. ते पान त्या पत्त्यावर टिकलं पाहिजे, बदललं तर कोणी, कधी, का याची नोंद राहिली पाहिजे, हे मालकाला सांगता येत नाही. विश्वस्ताला सांगता येतं. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालन्यासह तीन जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद केलं गेलं. पत्ते जागेवर होते, रस्ता बंद होता. सुव्यवस्थेसाठी असं करावं लागतं असा युक्तिवाद होतो, आणि दंगल पेटलेली असताना तो खोटाही नसतो. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरच्या प्रकरणात, असे आदेश प्रसिद्ध करण्याचं आणि बेमुदत न ठेवण्याचं बंधन घातलं ते याचसाठी की बंद करणाऱ्याने कारण उघड सांगावं.

ताब्यात ढिलाई झाली तर काय होतं हेही माहीत आहे. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या संकेतस्थळावर हल्ला होऊन ते बंद ठेवावं लागलं. तेव्हा त्याचा पत्ता 'गव्ह डॉट इन'मधला नव्हताच, कोणालाही विकत मिळणाऱ्या 'डॉट इन'मधला होता. 'गव्ह डॉट इन' फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं, हा फरक ज्याने कधी समजावून सांगितला नाही, त्याने सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने निघालेल्या बनावट साइटवर पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याला भोळा म्हणू नये. केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने २०१९ पासून वारंवार इशारे दिले. इशारा देऊन राखणदाराचं काम संपत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. त्यात देवळात पूजेला जाणारा साधा माणूससुद्धा 'हितसंबंधित व्यक्ती' आहे. असे दोन जण एकत्र आले तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने विश्वस्तांविरुद्ध दावा लावू शकतात, हिशेब मागू शकतात, विश्वस्त हटवण्याची मागणी करू शकतात. त्याला देवस्थानची मालकी सिद्ध करावी लागत नाही. तो तिथे जातो, एवढं पुरतं. सातबारा, पीक पाहणी, पणजोबाची नोंद यांसाठी रोज सरकारी पत्त्यावर जाणाऱ्या माणसाला असा दर्जा अजून कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. माहिती अधिकारात तो अर्ज करू शकतो, उत्तर मिळवू शकतो. नोंदवही सांभाळणाऱ्याला न्यायालयात उभं करून हिशेब घेण्याची पायरी त्याच्यासाठी अजून बांधायची आहे, आणि ती बांधण्याचं काम ज्या विधिमंडळाने १९७३ मध्ये पंढरपूरचा कायदा केला त्याच्याकडे मागायला हरकत नाही.