निर्मनुष्य भूमीवरचा पाऊस

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने दिलेली एक आज्ञा इतकी साधी आहे, की आपण तिला आज्ञा मानतच नाही. 'चिंता करू नका' हे आपण आज्ञा म्हणून ऐकतो. 'पाखरांकडे पाहा' हे मात्र नुसती प्रस्तावना समजून ओलांडून जातो. मत्तय ६:२६ मधील मूळ ग्रीक क्रियापद 'एम्ब्लेपो' हे सहज नजर टाकण्याचे क्रियापद नव्हे. दृष्टी स्थिर करून पाहणे, असा त्याचा भाव आहे. लूकने याच उपदेशात (१२:२४) 'कातानोएओ' हे क्रियापद योजले आहे. लक्ष देऊन समजून घेणे, हा त्याचा अर्थ. शिवाय लूक 'पाखरे' असे मोघम न म्हणता कावळ्यांचे नाव घेतो. भाषांतराचे काम करणाऱ्याला अशा शब्दांपाशी थांबावेच लागते. मराठीत 'पाहणे' आणि 'निरखणे' यांत जे अंतर आहे, तेच येथे अभिप्रेत आहे.

मग वाचकहो, प्रश्न असा उरतो: पाखरांना खरोखरच निरखून पाहिले, तर आपल्यावर काही उत्तरदायित्व येते काय? ज्या पक्ष्याचा आपल्याला काही उपयोग नाही, किंबहुना जो आपल्या लाभाच्या आड येतो, त्याला आपल्या जागी राहण्याचा काही अधिकार आहे काय? हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेने सुटणारा नाही. म्हणून ज्या भूमीवर तो गेली दीडशे वर्षे प्रत्यक्ष झगडला जात आहे, त्या भूमीकडे, म्हणजे ब्रिटनमधील उंच माळांकडे, मी आपणांस घेऊन जाऊ इच्छितो.

इंग्लंडच्या मध्यभागी दक्षिणोत्तर पसरलेल्या पेनाइन टेकड्यांच्या माथ्यावर 'मूर' नावाची भूमी आहे. तेथे वृक्ष जवळजवळ नाहीत. पाऊस वारंवार पडतो, आणि पाण्याने भिजलेल्या जमिनीत वनस्पती पुरत्या न कुजता हजारो वर्षे साठत जाऊन 'पीट' नावाचा काळा थर बनलेला असतो. त्यावर हेदर नावाचे गुडघाभर उंचीचे झुडूप वाढते व ऑगस्टमध्ये सारा डोंगर जांभळा होतो. वसंत ऋतूत लांब, खाली वाकलेल्या चोचीचा कर्ल्यू घरटे करावयास येथे चढून येतो. सोन चिखल्या आणि आपल्या टिटवीची तुरेवाली बहीण हीही येतात. ग्राउस हा तित्तिरासारखा तांबूस पक्षी मात्र बारा महिने येथेच राहतो आणि मुख्यतः हेदरच्या कोंबांवर जगतो. या सर्वांवरून, जमिनीपासून हातभर उंचीवर, पंख किंचित वर उचलून भोवत्या तरंगत जातो. नर राखी रंगाचा, पंखांची टोके काळी, मादी तपकिरी. त्याचे घरटेही हेदरच्या आड जमिनीवरच असते. भोवत्याच्या कुळातील इतर जाती हिवाळ्यात आपल्या दख्खनच्या माळरानांवर येतात; आंध्र प्रदेशातील रोलापाडूच्या गवताळ रानात त्यांचा रात्रीचा मोठा मुक्काम असे. तेव्हा हा पक्षी आपणांस अगदीच परका नव्हे.

एकोणिसाव्या शतकात ग्राउसची शिकार हा श्रीमंतांचा मोठा षौक झाला. १२ ऑगस्टला हंगाम सुरू होतो. हाकारे पक्षी उठवतात आणि रांगेत उभे असलेले शिकारी ते टिपतात. त्यासाठी पक्षी विपुल हवेत. म्हणून जमीनमालक राखणदार नेमतात. हे राखणदार हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळून कोवळे कोंब फुटू देतात, कोल्हे व कावळे मारतात. हे सर्व कायद्याच्या चौकटीत करता येते. परंतु भोवत्याही ग्राउसची पिले खातो, आणि भोवत्याला मारणे १९५४ सालापासून कायद्याने गुन्हा आहे. तरीही तो मारला जातो. २०१३ साली सबंध इंग्लंडमध्ये भोवत्याचे एकही घरटे यशस्वी झाले नाही. २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. उपग्रहाद्वारे माग घेतलेल्या ५८ भोवत्यांपैकी ७२ टक्के बेकायदा मारले गेल्याचे निश्चित झाले होते, अथवा तशी दाट शक्यता होती. त्यानंतर काही सुधारणा झाली. २०२३ साली इंग्लंडमध्ये १४१ पिले उडती झाली. तथापि झगडा संपलेला नाही.

येथे मालकाला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. त्याची बाजू खोटी नाही. स्कॉटलंडच्या सीमेवरील लँगहोम मूरवर १९९२ ते १९९७ या काळात एक मोठा अभ्यास झाला. भोवत्यांना पूर्ण संरक्षण दिले, तेव्हा तेथील विणीच्या माद्या २ वरून २० वर गेल्या, आणि शिकार परवडण्याइतके ग्राउस उरेनात. म्हणजे भोवत्यामुळे नुकसान होते, हे मालकाचे म्हणणे खरे ठरले. पुढे शिकार थांबली, राखणदार गेले. तेव्हा कोल्हे वाढले आणि जमिनीवर घरटे करणारा भोवत्याही पुन्हा घटला. ज्या राखणदाराच्या हातून भोवत्या मरतो, त्याच राखणदाराच्या पहाऱ्यात कर्ल्यूची पिले वाचतात. शिवाय मूर ही अस्पर्शित सृष्टीही नव्हे. प्राचीन काळी माणसाने रान तोडले, गुरेमेंढरे चारली, आग लावली, त्यातून तिचे आजचे रूप घडले. तेव्हा 'माणसाने हात काढून घ्यावा, म्हणजे सर्व ठीक होईल' हे उत्तर पुरेसे नाही. माणसाचा हात तेथे आहेच. त्या हाताला मर्यादा आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नावर पवित्र शास्त्रातील एक लहानसा नियम विलक्षण प्रकाश टाकतो. अनुवाद २२:६-७ मध्ये असे सांगितले आहे, की वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले व आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिले घ्यावीत, परंतु आईला जाऊ द्यावे. इब्री भाषेत येथे क्रियापदाची द्विरुक्ती आहे; 'जाऊ द्यायचे म्हणजे द्यायचेच' असा तिचा जोर आहे. आणि या क्षुल्लक वाटणाऱ्या नियमाला जोडलेले अभिवचन कोणते? कल्याण आणि दीर्घायुष्य. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही हेच अभिवचन जोडलेले आहे. हा नियम उपयोगाला नाही म्हणत नाही. भुकेल्या वाटसरूला तो पिले घेऊ देतो. मात्र सर्वस्व घेऊ देत नाही. जिच्यापासून उद्याची वीण व्हायची ती आई माणसाची नव्हे. घरटे सापडले म्हणून ते सगळे आपले होत नाही.

दुसरा उतारा याहून खोल जातो. लेवीय ११:१६ मध्ये अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत 'नेत्स' हा शब्द येतो. शिकारी ससाणा असा त्याचा अर्थ केला जातो. तो इस्राएलाच्या ताटात येऊ शकत नाही, म्हणजे अन्न म्हणून निरुपयोगी. परंतु ईयोब ३९:२६ मध्ये परमेश्वर ईयोबाला जो पक्षी दाखवतो, ज्याच्या दक्षिणेकडे पसरलेल्या पंखांमागे कोणाची बुद्धी आहे असे विचारतो, तो हाच 'नेत्स' आहे. शब्द एकच. माणसाच्या यादीत जो वर्ज्य, तो निर्माणकर्त्याच्या अभिमानाचा विषय. लूकच्या शुभवर्तमानातील कावळाही लेवीयाच्या त्याच यादीतला आहे, हे विसरू नये. ज्याला आपण खाऊ शकत नाही त्याला देव खाऊ घालतो, आणि प्रभू म्हणतो, त्याच्याकडे लक्ष द्या.

त्याआधीच्या अध्यायात (ईयोब ३८:२५-२७) परमेश्वर अशा भूमीवर पाऊस पाडण्याविषयी बोलतो, जेथे मनुष्यच नाही. ईयोबाच्या दृष्टीने हा पाऊस वाया गेलेला. तेथे शेत नाही, विहीर नाही, कर भरणारा कोणी नाही. देवाच्या हिशेबात मात्र तो वाया जात नाही, कारण तेथे गवत उगवते. आपल्या उपयोगाच्या परिघाबाहेर देवाचे काम चालू आहे आणि त्यासाठी त्याने आपली संमती मागितलेली नाही, हे ऐकणे ईयोबाला जड गेले असेल, आपल्यालाही जाते. म्हणून मालकाच्या खऱ्या तोट्यापुढेही आपल्याला म्हणावे लागते, की तोटा झाला एवढ्याने भोवत्याला नाहीसे करण्याचा अधिकार मिळत नाही. तो तोटा कोणी आणि कसा वाटून घ्यावा, हे समाजाने ठरवावे. लँगहोमच्या गावकऱ्यांनी २०२१ व २०२२ साली वर्गणी व देणग्या जमवून त्या मूरची सुमारे १०,५०० एकर जमीन निसर्गरक्षणासाठी विकत घेतली. किंमत मोजून घेतलेली ही भूमिका आहे. नुसती सहानुभूती नव्हे.

आता दुर्बीण घेतलेल्या माणसाविषयीही बोलले पाहिजे. कारण मालकाला प्रश्न विचारून पक्षिनिरीक्षक स्वतः निर्दोष ठरत नाही.

पाहण्याचा हक्क त्याला सहज मिळालेला नाही, हे खरे. शिकारीच्या मूरवर सामान्य माणसाला पाऊल ठेवण्याची बंदी असे. २४ एप्रिल १९३२ रोजी पीक डिस्ट्रिक्टमधील किंडर स्काउटवर गिरणी-कारखान्यांतील तरुणांसह काहीशे लोक बंदी मोडून चढले; त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. मोकळ्या डोंगरांवर पायी फिरण्याचा हक्क कायद्याने मान्य व्हावयास २००० साल उजाडले. पण पाहण्याची आवडही मालकीचे रूप घेऊ शकते. पूर्वी पक्ष्यांचे प्रेमी म्हणवणारेच अंडी गोळा करून कपाटे भरीत. आज कपाटाची जागा यादीने घेतली आहे. पक्षी दिसला, नाव लिहिले, पुढे निघाले. ज्याला फक्त मोजले, त्याला निरखले असे म्हणता येईल काय?

याची कसोटी त्याच टेकड्यांच्या पायथ्याशी पाहावयास मिळते. मूरवरचे पाणी डर्वेंट नदीच्या खोऱ्यात उतरते, आणि तेथे एकाखाली एक असे तीन जलाशय आहेत: हाउडन, डर्वेंट आणि लेडीबॉवर. उन्हाळ्यात त्यांच्या दगडी काठांवर तुतवार शेपटी हलवीत धावतो. हिवाळ्यात आपल्या नद्या-तलावांच्या काठी दिसणारा पक्षी याच जातीचा. पाण्यावर बदके असतात, काठच्या झाडीवरून शिकारी पक्षी घिरट्या घालतात. दृश्य मन निववणारे आहे. परंतु शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम व लेस्टर या शहरांच्या तहानेसाठी लेडीबॉवर भरला, तेव्हा डर्वेंट आणि अ‍ॅशप्टन ही दोन गावे पाण्याखाली गेली. दफनभूमीतील मृतांचे अवशेष उकरून बॅमफर्ड येथे पुन्हा पुरण्यात आले. देवळाचा मनोरा काही काळ पाण्यावर उभा ठेवला होता. १९४७ साली तो सुरुंगाने पाडण्यात आला. २०१८ सालच्या अवर्षणात पाणी ओसरले, तेव्हा जुन्या भिंतींचे दगड पुन्हा उघडे पडले.

आपल्याकडेही हे नवीन नाही. गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले, गावे उठली. १९८६ साली त्याच नाथसागराला पक्षी अभयारण्य घोषित करण्यात आले. तेथील पक्ष्यांचे थवे पाहून आनंद मानू नये काय? मानावा. पाखरांनी कोणाचे घर बुडवलेले नाही, आणि देवाने पाठविलेला पाहुणा नाकारणे हा बुडालेल्या गावाला न्याय नव्हे. मात्र जो तुतवार पाहतो आणि पाण्याखालचे गाव पाहत नाही, त्याने अर्धेच पाहिले. निरखणे म्हणजे जे डोळ्यांना सुखद आहे तेवढेच टिपणे नव्हे; या जागी आधी कोण होते व कोणी किंमत दिली, हे विचारणेही त्यातच आले. उत्पत्ती ९:९-१० मध्ये जलप्रलयानंतर देव जो करार करतो, तो नोहाशी, त्याच्या संततीशी, आणि पाखरांसह प्रत्येक सजीव प्राण्याशी करतो. माणूस आणि पाखरू यांपैकी एकाला निवडून दुसऱ्याला वगळण्याची मुभा त्या करारात नाही.

प्रिय वाचकहो, आपण कोठेही राहत असा, बेळगावात, इंदुरात, हैदराबादेत वा दिल्लीत, आपल्या जवळ एखादे माळरान असेल, ज्याला सरकारी दप्तरात 'पडीक' म्हटलेले आहे. आपल्या देशातील कितीतरी गवताळ प्रदेश असे पडीक म्हणून नोंदले गेले आहेत, आणि हिवाळ्यात येणारे भोवत्ये तेथेच उतरतात. आपल्या मंडळ्यांच्या ताब्यातील जुन्या मिशन कंपाउंडांतही मोकळी जागा आणि म्हातारी झाडे आहेत. त्यांच्याविषयी ठराव करण्याची वेळ येते, तेव्हा 'येथे काहीच नाही' असे कोणीतरी म्हणतो. असे म्हणण्यापूर्वी कोणी तेथे एक सकाळ उभे राहून पाहिले आहे काय? इमारत बांधू नये असे मी म्हणत नाही. अनुवादातील नियमही पिले घेऊ देतो. पण आईला जाऊ द्यावयाचे असेल, तर ती घरट्यात बसली आहे हे आधी दिसले पाहिजे.

प्रभूने ज्यांना पाखरांकडे पाहावयास सांगितले, ते जमीनदार नव्हते. उद्याच्या अन्नवस्त्राची चिंता असणारी माणसे होती. त्यांना त्याने पाखरांचा उपयोग शिकविला नाही. आपल्या हिशेबात नसलेल्यांनाही पोसणारा पिता दाखविला. जो देव निर्मनुष्य भूमीवर पाऊस पाडतो, तो आपल्याला विसरणार नाही, हे त्या पाहण्यातील सांत्वन आहे. आणि ज्याला तो विसरत नाही त्याला आपण नाहीसे करू नये, हे त्याच पाहण्यातील कर्तव्य आहे. यांपैकी सांत्वन घेऊन कर्तव्य मागे ठेवता येत नाही.