पत्र्यावरची लाट : दोषज्ञ आणि दोषैकदृक्

१

दोष असणे आणि दोष दिसणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे दैनंदिन व्यवहारात गृहीत धरले जाते. वस्तूत खोट असते, म्हणून ती दिसते. ज्याला दिसत नाही त्याची नजर कच्ची, एवढाच निष्कर्ष काढला जातो. परंतु दोष ही वस्तूची अवस्था आहे, की वस्तू, प्रकाश, पाहणारा आणि त्याची अपेक्षा यांच्यातील संबंधाला दिलेले ते नाव आहे, हा प्रश्न इतक्या सहजासहजी निकालात निघत नाही. शिवाय दोष दिसल्यावर पाहणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हा त्याच्याशी निगडित असलेला नैतिक प्रश्न तर बहुधा विचारलाच जात नाही. मोटारीच्या पत्र्यावर, विशिष्ट कोनातून पाहिले असता, जी पुसट लाट दिसते तिचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. समीक्षेच्या दृष्टीने ते क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मात्र दोषविचार हा भारतीय काव्यशास्त्राच्या मुळाशी असलेला विचार असल्याने या क्षुल्लकतेतच त्याचे मूल्य आहे.

नाशिक शहरात हा प्रश्न दोन निरनिराळ्या पत्र्यांच्या रूपाने समोर येतो. एक पत्रा तांब्याचा. नाशिकची तांब्यापितळेची भांडी दूरवर प्रसिद्ध होती. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरनेही या उद्योगाची दखल घेतली आहे. तांबट घागरीच्या अंगावर हातोडीचे ठोके ओळीने देत जातो, भांडे मठारतो. त्या ठोक्यांनी धातू दबतो, कठीण होतो आणि पातळ पत्र्याला ताठपणा येतो. प्रत्येक ठोक्याची खूण पृष्ठभागावर राहते, आणि तशा शेकडो खुणांनी चमकणारे भांडे सुंदर समजले जाते. दुसरा पत्रा पोलादाचा. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्रा अँड महिंद्राचा मोटारींचा कारखाना आहे. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ याच नाशिकमध्ये तयार झाली. मोटारीचा दरवाजा किंवा बॉनेट ज्या पत्र्यापासून घडते त्याची जाडी साधारणपणे पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, आणि त्यावर एकाही ठोक्याची खूण राहू नये अशी अपेक्षा असते. घागरीवर जे काम म्हणून वाखाणले जाते तेच दरवाजावर आढळले तर त्याला पोचा म्हणतात. धातूला मिळालेला आघात दोन्हीकडे आघातच असतो. एकीकडे तो गुण ठरतो, दुसरीकडे दोष.

२

पोलादी पत्र्यावरची लाट दिसते कशी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. साच्यात दाबलेला पत्रा दाब निघताच किंचित मागे येतो. काही ठिकाणी तो पुरेसा ताणला जात नाही, तिथे तो सैल राहतो. आतल्या पट्टीला बाहेरचा पत्रा चिकटवणारा पदार्थ भट्टीत सुकताना आकसतो आणि पत्र्याला आत ओढतो. अशा कारणांनी निर्माण होणारे चढउतार पुष्कळदा मिलिमीटरच्या काही शतांशांइतकेच असतात. ते तसे डोळ्यांना दिसण्याजोगे नसतात. डोळ्याला दिसते ती लाट नव्हे, लाटेने वाकवलेले प्रतिबिंब. पृष्ठभाग जेवढ्या अंशाने कलतो त्याच्या दुप्पट अंशाने परावर्तित किरण वळतो. म्हणून ट्यूबलाइटची सरळ रेघ चकचकीत दरवाजावर थरथरल्यासारखी वाकडी होते. रंग न दिलेला पत्रा मंद असतो, त्यात ही रेघ उमटत नाही. त्यामुळे कारखान्यात तपासणीच्या वेळी पत्र्यावर तेलाचा पातळ थर देऊन त्याला तात्पुरती चमक आणतात, किंवा सपाट घासदगड हलकेच फिरवतात. उंच जागी ओरखडे उठतात, खोलगट जागा कोरीच राहते. अनुभवी कामगार सुती हातमोजा घालून तळवा पत्र्यावरून फिरवतो. डोळ्याला जे सापडत नाही ते पुष्कळदा तळव्याला सापडते.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की जी लाट काळ्या चकचकीत मोटारीवर सकाळच्या तिरप्या उन्हात उघडी पडते तीच पांढऱ्या मोटारीवर भर दुपारी जवळजवळ नाहीशी होते. पत्रा बदललेला नसतो; दिसण्याची परिस्थिती बदललेली असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पूर्णतः सपाट असलेला मोठा पत्रा डोळ्याला सपाट दिसत नाही, आत बसल्यासारखा दिसतो. म्हणून रचनाकार त्याला मुद्दाम किंचित फुगवटा देतात. ग्रीक मंदिरांच्या स्तंभांना मध्यभागी दिलेल्या अल्पशा फुगवट्यामागेही दृष्टीची अशीच काळजी असल्याचे सांगितले जाते. म्हणजे ज्या निर्दोषतेच्या तुलनेत लाट दोष ठरते ती निर्दोषताही भूमितीची नसून नजरेसाठी रचलेली असते.

काव्यशास्त्राला हा सापेक्षतेचा मुद्दा अपरिचित नाही. मम्मटाने अकराव्या शतकात काव्याच्या लक्षणातच अदोषतेचा समावेश केला. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने त्याला आक्षेप घेतला : संपूर्ण निर्दोषतेचा आग्रह धरला तर काव्य म्हणण्याजोगे फारच थोडे उरेल, किड्याने पोखरलेले रत्न हे रत्नच राहते, त्याची प्रत फक्त उतरते. या दोघांच्या आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने काही दोष अनित्य असल्याचे दाखवून दिले होते. जी कर्णकठोरता शृंगारात टाळावी लागते ती रौद्रात दोष ठरत नाही. घागर आणि दरवाजा यांच्यातील भेद या परिभाषेत नेमका मांडता येतो. ठोक्याची खूण हा अनित्य दोष आहे; तो दोष आहे की नाही हे त्या वस्तूने पाहणाऱ्याशी केलेल्या करारावर अवलंबून असते.

३

तथापि औचित्याच्या या विवेचनाने प्रश्नाची एकच बाजू उलगडते. दरवाजाने निष्खूण का असावे, हा करार कोणी आणि कशासाठी केला, ही दुसरी बाजू अस्पर्शितच राहते. रोलाँ बार्तने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये, १९५५ साली प्रथम लोकांसमोर आलेल्या सित्रोएनच्या डीएस या मोटारीवर लिहिताना याच मर्मावर बोट ठेवले. गुळगुळीतपणा परिपूर्णतेचा गुण वाटतो, कारण त्याच्या विरुद्ध असलेली प्रत्येक गोष्ट जोडणीची मानवी क्रिया उघड करते, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. ज्यावर सांधा दिसत नाही ती वस्तू कोणी केलेली नसून आकाशातून अवतरलेली भासते. गुळगुळीतपणा म्हणजे केवळ पृष्ठभागाचा गुणधर्म नव्हे. तो उत्पत्तीविषयीचे मौन आहे.

मार्क्सने ‘भांडवल’च्या १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात जवळपास हीच गोष्ट उलट टोकाकडून सांगितली आहे. धार नसलेली सुरी किंवा तुटणारा धागा हाती आला की त्या वस्तूमागचा कारागीर आठवतो. सुरी नीट कापत असेल तर तिच्यात मुरलेले श्रम लक्षातही येत नाहीत. या निरीक्षणातील नैतिक विषमता ध्यानात घेतली पाहिजे. ज्या कामगाराचे काम साधले त्याचे यश खूण न राहण्यात असते, म्हणजे ते यश त्याचे म्हणून कोणाला दिसतच नाही. ज्याचे काम फसले त्याची चूक मात्र पत्र्यावर राहते, आणि त्या चुकीवरून पाळी, साचा आणि माणूस शोधून काढता येतो. मराठी भाषेने ही विषमता एका वाक्प्रचारात साठवून ठेवली आहे : दोष दाखवण्याला मराठीत ‘नावे ठेवणे’ म्हणतात. साधलेले काम निनावी असते. नाव ठेवले जाते ते बिघडलेल्याला.

जॉन रस्किनने १८५३ मध्ये, व्हेनिसच्या दगडी वास्तुकलेविषयीच्या आपल्या ग्रंथात, निर्दोष सफाईचा आग्रह कामगाराला अवजार बनवतो आणि गॉथिक शिल्पातील ओबडधोबडपणा हा तो घडवणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा पुरावा आहे, अशी भूमिका घेतली. ती उदात्त आहे; पण पत्र्याच्या बाबतीत ती तशीच्या तशी लागू पडत नाही. गॉथिक शिल्पकाराचा ओबडधोबडपणा त्याच्या निवडीतून आलेला असतो. पोलादी पत्र्यावरची लाट कोणाच्याही निवडीतून आलेली नसते. ती धातूचा ताण, साच्याची झीज आणि भट्टीचे तापमान यांतून उद्भवते. तिच्यात कामगाराचे स्वातंत्र्य शोधणे भाबडेपणाचे ठरेल. डेव्हिड पाय याने १९६८ मध्ये जोखमीची कारागिरी आणि निश्चितीची कारागिरी असा भेद केला. तांबटाचा प्रत्येक ठोका जोखमीचा असतो. यंत्राचा दाब निश्चितीचा. मात्र निश्चिती यंत्रात आपोआप येत नाही. साचा हाताने घासून जुळवणारा कारागीर, तळव्याने पत्रा वाचणारा तपासनीस, यांची जोखीम तिच्यामागे उभी असते. लाट स्वातंत्र्याची खूण नसेल, पण सपाटपणा आपोआप येत नाही याचा ती पुरावा निश्चितच आहे.

४

साहित्यव्यवहारात या विषमतेचे सर्वांत स्पष्ट रूप अनुवादात आढळते. अनुवाद मूळ लेखनासारखा सहज वाचला गेला की त्याचे श्रेय मूळ लेखकाकडे जाते. एखादे वाक्य अडखळले की अनुवादक आठवतो. लॉरेन्स व्हेनुटीने १९९५ मध्ये अनुवादकाच्या या अदृश्यतेची मीमांसा केली, ती मुख्यतः इंग्रजीच्या संदर्भात. मराठीतही ‘अनुवाद वाटतच नाही’ हे वाक्य प्रशंसा म्हणून उच्चारले जाते. श्रमाचा मागमूस न उरणे हीच श्रमाची कसोटी मानायची, असा त्याचा अर्थ होतो.

अधिक गंभीर उदाहरण दलित साहित्याच्या स्वागताचे आहे. नाशिकजवळच्या विहितगावात १९३० साली जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये, आणि नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. या लेखनाच्या भाषेला भडक, असंस्कृत, ओबडधोबड अशी विशेषणे लावणाऱ्या वाचकाला काहीच दिसत नव्हते असे नाही. त्याला काहीतरी नेमके दिसत होते. त्याच्या अभिरुचीची सरळ रेघ या भाषेवर वाकडी होत होती. पण वाकडे झाले ते प्रतिबिंब, आणि प्रतिबिंब पृष्ठभागाइतकेच दिव्याचेही असते. तो दिवा कोणी, कुठे, कोणासाठी टांगला होता, हे विचारण्याची गरज त्याला भासली नाही. ज्या प्रमाण भाषेच्या तुलनेत ही भाषा उंचसखल वाटली, तिचा सपाटपणाही कोणीतरी घासून तयार केलेला होता. ते घासणे मात्र जुने होऊन विस्मरणात गेले होते.

५

येथे उलट बाजूचा धोकाही विचारात घेतला पाहिजे. दोष ही श्रमाची खूण आहे असे एकदा मान्य झाले की प्रत्येक दोषाचा गौरव करण्याचा मोह होतो. बाजाराने हा मोह केव्हाच हेरला आहे. तांब्याच्या बाटल्यांवर हातोडीच्या ठोक्यांचा आभास यंत्राने दाबून उमटवला जातो. ती खूण कोणत्याही हाताची नसते. हयगयीने लिहिलेल्या कवितेला केवळ ओबडधोबड म्हणून अस्सल ठरवणे हा त्याच बाटलीचा वाङ्मयीन अवतार होय. तसेच दोष झाकणारी सफाईही असते. अपघातात चेपलेला दरवाजा डेंटर हातोडीने ठोकून वर आणतो, उरलेला खोलगटपणा पुट्टीने भरतो आणि रंग देतो. हे काम कौशल्याचे आहे आणि त्यात लबाडी नाही. लबाडी सुरू होते ती मोटार विकताना अपघात झालाच नाही असे सांगितले जाते तेव्हा. जुनी मोटार घेणारा जाणकार पत्र्याला लोहचुंबक लावून पाहतो. पुट्टीचा जाड थर असेल तिथे चुंबक धरत नाही. त्याला लाट नको आहे असे नव्हे. त्याला पत्र्याचा इतिहास हवा आहे.

म्हणून दोष पाहण्याच्या निदान तीन रीती वेगळ्या करता येतात. तपासनीस लाट पाहतो ती नाहीशी करण्यासाठी. ग्राहक पाहतो किंमत पाडण्यासाठी. जाणकार पाहतो, ती कशाची खूण आहे हे वाचण्यासाठी. नजरेची तीक्ष्णता तिघांचीही सारखी असू शकते. तिघांच्या पाहण्याचे नैतिक वजन सारखे नसते. अमरकोशाने हा भेद दोन शब्दांत नोंदवून ठेवला आहे. ‘दोषज्ञ’ हा शब्द त्यात विद्वानाच्या पर्यायांमध्ये येतो. ज्याला केवळ दोषच दिसतात त्याच्यासाठी ‘दोषैकदृक्’ असा निराळा शब्द आहे. दोघांनाही दोष दिसतो. दोषैकदृकाची दृष्टी त्यावर येऊन थांबते. दोषज्ञाची दृष्टी त्यातून पुढे जाते.

पुढे म्हणजे कुठे, हे पत्र्याच्या उदाहरणाने सांगता येते. एकदा दरवाजावरची लाट दिसू लागली की ती न पाहणे शक्य होत नाही. प्रत्येक मोटारीवर डोळा तीच शोधू लागतो. शिकलेल्या नजरेची ही शिक्षा आहे, आणि समीक्षकाला तिची पुरेशी ओळख असते. या शिक्षेतून सुटण्याचा मार्ग नजर बोथट करण्यात नाही. ज्या डोळ्याला एक वीत लांबीची लाट दिसते त्याच डोळ्याला तिच्या भोवतीचा हातभर सरळ पत्राही दिसला पाहिजे, आणि तो सरळ असणे हेही कोणाचे तरी काम आहे हे कळले पाहिजे. लाट नसती तर हे कळण्याचा प्रसंगच आला नसता. दोषाचे सर्वांत मोठे मोल कदाचित हेच, की ज्या निर्दोषतेला कोणी कर्ता आहे असे वाटत नव्हते तिच्यासाठीही कर्ता शोधणे तो भाग पाडतो. ज्या समीक्षेला नावे ठेवता येतात, पण साधलेल्या कामाला नाव देता येत नाही, तिचे पाहणे निम्मेच झालेले असते.