झाकणे आणि जपणे

सणापूर्वी घराला रंग काढायचे ठरले, की आम्ही कपाटांवर जुन्या चादरी टाकतो, लाद्यांवर वर्तमानपत्रे अंथरतो. ही काळजी रास्तच. परंतु जुना रंग घासताना उठणारी धूळ कोणाच्या छातीत जाते, याचा विचार आम्ही करतो का? घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आली. त्यापूर्वीच्या थरांत शिसे अधिक असू शकते. ते रंगाऱ्याच्या श्वासावाटे रक्तात उतरते. चादर झटकली, तर आमच्या मुलांपर्यंतही पोहोचते. म्हणून भिंत ओली करून घासावी, चादर न झटकता गुंडाळून धुवावी आणि रंगाऱ्याला धूळ रोखणारा मास्क आम्हीच आणून द्यावा. ज्या घरात कपाटाला आच्छादन मिळते, तिथे राबणाऱ्या माणसाला ते नाकारण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?