धक्का कुणाच्या खाती?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसासमोर काही शब्द जपून उच्चारावेत. 'सस्पेन्शन' हा त्यांतला पहिला. गणपतीला आलेला माझा भाचा दारातूनच ओरडला, "मामा, फुल सस्पेन्शन आहे!" तेव्हा माझ्या हातातलं निरांजन विझता विझता राहिलं. आमच्याकडे सस्पेन्शन म्हणजे घरी बसणं, अर्धवट पगार आणि शेजाऱ्यांना "जरा रजेवर आहे" असं सांगणं. त्यातून 'फुल' म्हणजे तर बोलायलाच नको. पोरगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत चांगला चिकटला होता. काय गफलत केली असेल? बहिणीला धीर कसा द्यावा याची वाक्यं मी मनात जुळवू लागलो. तेवढ्यात त्याने मोटारीच्या मागे बांधलेली सायकल सोडून अंगणात आणली आणि उलगडा झाला. लटकली होती ती सायकल. मुलगा कामावर सुखरूप होता.

ही डोंगरात चालवायची सायकल. पुढचं चाक जाडजूड नळ्यांच्या मधे, मागचं चाक सांध्यासांध्यांच्या सांगाड्यावर, आणि सांगाड्याच्या पोटात एक पिचकारीसारखं यंत्र. दोन्ही चाकं 160 मिलिमीटर वरखाली होतात, म्हणजे जवळजवळ सव्वासहा इंच. उतारावर शर्यती लावणाऱ्यांच्या सायकली तर 200 पर्यंत जातात म्हणे. मी भीत भीत किंमत विचारली. दोन लाखांच्या वर! एवढ्या रकमेला आम्ही दोन जामीन मागतो. बरं, दोन लाखांत स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही.

"घंटीसुद्धा नाही?"

"मामा, डोंगरात वाजवणार कुणासाठी?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर मला पुढच्याच रविवारी मिळायचं होतं, पण ते नंतर.

"आता तुमच्या वजनाप्रमाणे हवा भरतो," भाचा म्हणाला. "किती वजन तुमचं?"

बायको शेजारी उभी होती. मी चौऱ्याहत्तर सांगितलं. त्याने हवा भरली, मी बसलो, आणि सायकलने जी बैठक मारली ती उठेचना. त्या यंत्राच्या दांड्यावर एक रबराची कडी असते. सायकल किती खाली बसली ते ती कडी दाखवते. भाच्याने ती वाचली आणि सौम्य आवाजात म्हणाला, "मामा, ही शहाऐंशी म्हणतेय." वीस वर्षं मी लोकांच्या सह्या पडताळतो आहे, पण इतकी बिनचूक पडताळणी मला जमलेली नाही.

त्याच वेळी एक गोष्ट समजली. माणूस बसला की ही सायकल आपल्या एकूण बैठकीच्या पाव ते तीस टक्के खाली बसलीच पाहिजे. तो दोष नाही, तशीच योजना आहे. का, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. मी दुसरंच विचारलं. बी. कॉम. झालेला माणूस शेवटी जमाखर्चावरच येतो.

"अरे, खड्ड्यात चाक आपटलं, मला काही लागलं नाही. मग तो धक्का गेला कुठे?"

"आतल्या तेलात. हवा दबते, तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, त्यात धक्का जिरतो आणि तेल तापतं. लांब उतार उतरून आल्यावर हात लावून बघा, चटका बसतो."

म्हणजे धक्का नाहीसा होत नाही. एका खात्यातून वजा झाला की दुसऱ्या खात्यात जमा होतो. आमच्याकडे ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती 'सस्पेन्स' खात्यात टाकून ठेवतात. त्या दिवसापुरतं सगळं जुळतं, शाखा वेळेवर बंद होते, सगळे लोकल पकडतात. पण ती रक्कम कुणाची तरी असतेच, आणि एक ना एक दिवस ऑडिटर विचारतोच. या सायकलने धक्क्याचं सस्पेन्स खातं उघडलं होतं, एवढाच मी त्या तेलाचा अर्थ लावला.

भाचा कामासाठी पंधरा दिवस बंगळूरला गेला आणि सायकल माझ्याकडे राहिली. श्रावण आणि गणपती असा सव्वा महिना पाळलेली जीभ आता वळवळत होती. गणपती पोचवून झाल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही पाचूबंदरला मासळी आणायला निघालो. मी पुढे त्या सायकलवर. आणि सायकलला पिशवी अडकवायला जागा नसल्यामुळे बायको मागे स्कूटरवर.

कशी वाटते ती चालवायला? सांगतो. पहिलं पायडल मारलं की उंटावर बसल्यासारखं पुढेमागे डुलायला होतं. हँडल इतकं रुंद की आपण हातगाडी ढकलतो आहोत असं वाटावं. जाड टायर डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणतात. ब्रेक दाबला की पुढचा भाग खाली वाकून नमस्कार करतो. वसईत इतका मान मला याआधी कुणी दिलेला नव्हता. पारनाक्यापासून किल्ल्याकडे जाणारा रस्ता मला डोळ्यांपेक्षा बैठकीनेच अधिक पाठ आहे. कुठे गतिरोधक, कुठे उखडलेला ठोकळा, कुठे पाइपलाइन पुरून सोडलेली वरंबी, हे सगळं मणक्यात नोंदलेलं. त्या दिवशी यातलं एकही आलं नाही. म्हणजे आलं असणार. चाकांना विचारायला हवं. मला फक्त गादीवर कूस वळल्यासारखं वाटत होतं. 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला घेतला तेव्हा सगळं सस्पेन्शन घोड्यांच्या गुडघ्यांत होतं. मी त्याच किल्ल्याच्या तटाशेजारून, एकही हाड न हलवता, बोंबील आणायला चाललो होतो.

आणि मनात काय थोर विचार येऊ लागले! सुखदुःखाने न हलणारा माणूस श्रेष्ठ, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मला वाटायचं त्याला हिमालयात जावं लागतं. पाच मिनिटांत मी त्या अवस्थेला पोचलो होतो, तेही किल्ल्याच्या अलीकडेच.

पाचूबंदरला होड्या लागल्या होत्या. पावसाळी दिवस, त्यामुळे बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव रिकामे होते, पण ताज्या मासळीची घाई चालू होती. होड्यांच्या कुशीला जुने टायर टांगलेले. धक्क्याला लागताना धक्का लागू नये म्हणून. आमच्या भाषेनेही दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे. कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन ओल्या वाटेवरून सरसर येत होत्या. डोक्यावर चुंबळ, तिच्याखाली मान, मग कंबर, मग गुडघे. चार ठिकाणी सस्पेन्शन, आणि पाटीतलं पाणी हलत नाही. आमची नेहमीची मावशी मात्र आता बसूनच विकते. उठताना गुडघ्यावर हात दाबून उठते. तिचे धक्के कुठे जमा झाले ते दिसत होतं. पण मी अजून स्थितप्रज्ञच होतो.

"भाऊ, सायकल आजारी हाय काय?" तिने विचारलं. "बसलात की खाली बसते."

सगळे हसले. मग कोळंबीचा वाटा करता करता तिने हळूच विचारलं, "माझ्या अंगठ्याचं काय झालं?"

तिच्या खात्याचं केवायसी अडलं होतं. बँकेतल्या यंत्राला तिचा अंगठा पटत नव्हता. जन्मभर कोळंबी सोलून, मिठात नि बर्फात हात घालून अंगठ्यावरच्या रेघाच झिजलेल्या. स्वतःचेच पैसे, पण काढता येत नाहीत. ती तीनदा आली होती आणि तीनदा मी तिला "यंत्र घेत नाही, उद्या या" म्हणालो होतो. आज चौथ्यांदा, इथे, म्हणालो, "बघतो, मावशी. या एकदा." माझ्या आवाजात कणभरही खळखळ नव्हती. उत्तम सस्पेन्शन.

परतताना किल्ल्याजवळच्या वळणावर पाणी साचलं होतं. मी सरळ त्यातून गेलो. पुढचं चाक खाली गेलं, वर आलं. मी लोण्यातून सुरी जावी तसा पलीकडे. मागे 'धाड्' असा आवाज झाला.

वळून पाहिलं तर स्कूटर आडवी, बायको चिखलात बसलेली आणि कोळंबी पुन्हा पाण्यात गेलेली. मी धावलो. दोन तरुण कोळ्यांनी स्कूटर उचलली. बायकोचा गुडघा खरचटला होता आणि मनगट धरून ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं खड्ड्याला शिव्या देईल, रस्त्याला देईल, निदान सायकलला. ती म्हणाली,

"अहो, तुम्ही उडाला नाहीत!"

मला क्षणभर अर्थच लागला नाही. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी नेहमी तुमची पाठ बघून चालवते. तुम्ही उडालात की ब्रेक दाबते. आज तुम्ही हललाच नाहीत. मला वाटलं, रस्ता चांगला आहे."

वाचकहो, आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. इतकी वर्षं माझं आदळणं कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझी जुनी सायकल खड्ड्यात आपटली की तिची साखळी, तिचं मडगार्ड आणि तिचा मालक तिघेही वाजत. ती घंटी होती, मागच्यासाठी. मी मात्र ती दोन लाखांच्या गुळगुळीतपणात हरवून, वर स्वतःला ज्ञानी समजत चाललो होतो.

मनगट मुरगळलं होतं, हाड शाबूत होतं. पट्टी बांधून आणल्यावर तिने डाव्या हाताने चहा केला. तो घेताना माझ्या लक्षात आलं की घरातलं तेलाचं खातं कुणाच्या नावावर आहे. काउंटरवर दिवसभर खाल्लेले धक्के मी कुठे जिरवतो? साहेब बोलले, सर्व्हर बंद पडला, गिऱ्हाईक खेकसलं, की संध्याकाळी मी शांतपणे घरी येतो आणि भाजीत मीठ कमी असल्याचं सांगतो. मी तापत नाही. पण एकोणीस वर्षांत मी तिला कधी हात लावून चटका बसतो का ते पाहिलेलं नाही.

रात्री भाच्याला फोन केला. त्याने आधी मामीची चौकशी केली, मग सायकलची. मुलगा संस्कारी आहे. मी म्हटलं, "तुझ्या सायकलीत एक नैतिक दोष आहे. ती खड्डा लपवते."

"मामा, सस्पेन्शन आरामासाठी नसतंच मुळी," तो म्हणाला. "चाक जमिनीला धरून राहावं म्हणून असतं. उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही, वळणही घेता येत नाही. म्हणून तर बसल्याबरोबर ती थोडी खाली बसते. आधी थोडं खाली बसलेलं असलं तरच चाकाला खड्ड्यात उतरायला जागा राहते."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ झोप आली नाही. म्हणजे सायकल निर्दोष होती. तिचं चाक त्या खड्ड्यात उतरलं होतं, त्याचा तळ मोजून आलं होतं. उतरला नव्हता तो फक्त वर बसलेला मी. न हलणारी माणसं दोन जातींची असतात. एक, ज्यांना खड्डा पुरता कळतो आणि जी तो धक्का मागच्यावर न टाकता स्वतः तापतात. दुसरी, ज्यांना खड्डा कळलेलाच नसतो. लांबून दोघंही सारखीच शांत दिसतात, आणि दुसऱ्या जातीला बढती लवकर मिळते. आणि पहिल्या जातीचा असला, तरी सायकलला घंटी नसेल तेव्हा माणसाने तोंडाने ओरडायला हवं, "खड्डा आहे!" भाच्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर हे. डोंगरातही मागून कुणीतरी येत असतंच.

सोमवारी मावशी आली. मी तोंड उघडणार तोच लक्षात आलं की 'उद्या या' हे शब्द जिभेवर आपोआप येऊन बसले आहेत. वीस वर्षांत माझी जीभ इतकी तेल घातल्यासारखी झाली होती की मागे बसलेल्या साहेबांना या काउंटरवर खड्डा आहे हे कधी समजलंच नव्हतं. मी उठलो. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज झाला, सगळी शाखा वळून बघू लागली. मी मावशीला घेऊन सरळ केबिनमध्ये गेलो आणि नको इतक्या मोठ्या आवाजात म्हणालो, "साहेब, यंत्र हिचा अंगठा घेत नाही आणि मी हिला तीनदा परत पाठवलं आहे."

साहेब दचकले. मग म्हणाले, "अहो, मग कागदांवर करा की! ओळखपत्राची प्रत घ्या, फॉर्म भरा, मी सही करतो." जुना रस्ता होताच. वीस मिनिटांचं काम. मावशी निघताना म्हणाली, "भाऊ, आज लय आवाज केलात." मला शहाऐंशी किलोंचं पहिल्यांदाच समाधान वाटलं.

1888 साली बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मूळ खटपट केली होती ती आपल्या मुलाची तीनचाकी सायकल फार आदळू नये म्हणून. तेव्हापासून माणूस माणसाचे धक्के कमी करत आला आहे, आणि ते चांगलंच आहे. आपल्या माणसासाठी टायर करावा. फक्त स्वतःसाठी करताना मागे कोण आहे ते बघावं.

भाचा सायकल घेऊन गेला. मी पुन्हा माझ्या जुन्यावर आहे. रविवारी पाचूबंदरला जातो, मागे स्कूटर असते. किल्ल्याजवळचा तो खड्डा गेल्या महिन्यात बुजवला. तरी त्या वळणावर मी बैठकीवरून थोडा उडतो. मागे स्कूटरचा आवाज हळू होतो, मग पुन्हा वाढतो.